दोघींपुरती जागा

सर्जा हे खरं तर बैलाचं नाव, पण आमचा सर्जा लॅब्रॅडोर. थोरला भाऊ राजशेखर, म्हणजे आमचा अण्णा, त्यानं मला चिडवायला ते ठेवलं आणि मला आवडलं म्हणून राहिलं. मला जन्मापासून दिसत नाही. कसबा बावड्यात एका दवाखान्यात मी फोनवर बसते, पेशंटना वेळ लावून देते. सर्जा यायच्या आधी अण्णाच मला गाडीवरनं सोडायचा नि आणायचा. त्याला उशीर झाला की बाकड्यावर कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखी मी बसून असायची. सर्जा आला आणि मी माझ्या पायानं जायला लागले. यात काय एवढं, असं लोकांना वाटतं. रोज कुणाला तरी विचारूनच घराबाहेर पडून बघा म्हणावं.

त्याचं काम सांगते. त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला एक लोखंडी दांडी असते, ती माझ्या डाव्या हातात. सोडली की ती त्याच्या पाठीवर खट्‌ करून पडते आणि त्या आवाजाला त्याची सुट्टी. पायरी आली की थांबतो. दांडी धरणारा ‘चल’ म्हणेपर्यंत हलत नाही. आणि जागा मोजतो. तो एकटा मावेल अशा फटीत शिरत नाही, शेजारी मीही मावेन एवढी जागा बघतो. बनाबाईची भाजीची गाडी आणि विजेचा खांब, यांच्यामधनं आम्ही बरोब्बर निघायचो. बनाबाई ओरडायची, “इंजिनेर हाय गं तुझं कुत्रं!”

कारखान्याचा हंगाम नुकता लागला होता. हवेत मळीचा वास, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. संध्याकाळी घरी निघाले तर स्टॉपजवळ एक बाई म्हणाली, “मला बी दिसत न्हाय बाई. नदीकडं जायाचं हाय. सोडशील?”

“धरा कोपर,” म्हटलं.

तिनं माझं उजवं कोपर धरलं. हात ओला होता. पाऊस जाऊन महिना झाला होता, पण धुण्याभांड्याची बाई असेल, हात पुसायचे राहिले असतील, असं मला वाटलं.

आम्हा न दिसणाऱ्यांत एक रीत आहे. कुणाला कोपर दिलं तर ठिकाण आल्यावर तोंडानं ‘आलं’ म्हणायचं; तोवर धरणाऱ्यानं सोडायचं नाही. नदीच्या फाट्यापाशी अण्णाचा फोन आला. त्याच्याशी वाद घालत घालत मी सवयीनं घराकडं वळले. फोन ठेवला तर कोपरावर हात जाणवला नाही. गेली असेल आपली आपण, म्हटलं. मी ‘आलं’ म्हणायचं विसरलेच होते.

दुसऱ्या दिवशी सर्जा बनाबाईच्या गाडीपाशी अडला. ‘चल’ म्हटलं, हलेना. मग पार रस्त्यावरनं वळसा घालून घेऊन गेला.

“काय गं, आज लांबनं?” बनाबाईनं विचारलं.

“गाडी सरकवलीस काय?”

“तसूभर बी न्हाय!”

मग रोजच तसं व्हायला लागलं. दवाखान्याचं अर्धं दार उघडं असलं की आम्ही आत शिरायचो. आता दोन्ही दारं उघडल्याशिवाय तो पाय उचलेना. घरी एकदा अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणाली, “कोपराला काय सांडून घेतीस गं रोज?” मी चाचपून बघितलं. उजवी बाही कोपरापाशी ओली होती, हाताच्या पंज्याएवढी.

तेव्हा कळलं. सर्जा आता दोघींपुरती जागा मोजत होता.

कुणाला सांगणार? अण्णाला सांगितलं असतं तर कुत्र्याआधी त्यानं मलाच डॉक्टरकडं नेलं असतं. शुक्रवारी तसाच वळसा घालताना उसाची ट्रॉली इतक्या जवळनं गेली की उसाची पानं गालाला घासली. बनाबाईनं किंकाळी फोडली, आणि संध्याकाळच्या आत ते अण्णाच्या कानावर गेलं.

“बेळगावच्या ट्रेनरला फोन लावलाय मी,” तो म्हणाला. “रविवारी याला परत सोडायचा.”

“अण्णा, पाया पडते तुझ्या.”

“मरशील की गं विद्या!”

“मरू दे की मग! पण याला नको रे नेऊ.”

मी गळा काढून रडले. लाज वाटली नाही. सर्जा माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून पडला होता, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

शनिवारी सकाळी मी कुणाला न सांगता नदीवर निघाले. एकदाचं ‘आलं’ म्हणून टाकायचं आणि माझा सर्जा मला परत मिळवायचा, एवढंच डोक्यात होतं. फाट्यापाशी त्याला वळ म्हणणार, तोच तो वळला. त्या वाटेनं मी त्याला कधीच नेलेलं नव्हतं. शेणाचा, गाळाचा वास आला. लांब कुणीतरी धुणं आपटत होतं. सर्जा थांबला. पाय पुढं करून बघितलं, तर पायरी.

“मावशी, आलं तुमचं ठिकाण,” मी म्हटलं. “चुकलं माझं. सोडा आता.”

कोपरावरचं ओझं गेलं. इतके दिवस ते होतं हे गेल्यावर समजलं.

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. “चल रे राजा, घरी.”

तो हलला नाही.

“सर्जा, घरी!”

दांडीवर, माझ्या बोटांना लागून, काहीतरी ओलं टेकलं.

सर्जा एक पायरी उतरला. मी ‘चल’ म्हटलं नव्हतं.

पुढच्या पायरीवर थांबला, शिकवलंय तसा. मी दुसऱ्या हातानं तोंड गच्च दाबलं. श्वाससुद्धा घेतला नाही.

तो उतरला.

पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. “थांब! सर्जा, थांब रे!” मी ओरडत होते. त्याला घाई नव्हती. मला नेतो तसाच चालला होता, बेताबेतानं.

मी दांडी सोडली.

तिथंच उभी राहून कान लावला. आता खट्‌ होईल, सुट्टी झाली म्हणून अंग झाडत माझ्याकडं पळत येईल. पाण्यात त्याचे पाय वाजत पुढं गेले. मग ते वाजायचे थांबले.

दांडी पाठीवर पडल्याचा आवाज आलाच नाही.