गव्हातून आलेली ओ

सौदीतलं हाइल शहर सोडून तासभर गेलं की वाळूत अचानक हिरवेगार गोल दिसू लागतात. एकेक गोल एवढा मोठा की कडेने चालत फेरी मारायला अर्धा तास लागावा. मधोमध रोवलेला एक लांबलचक लोखंडी हात चाकांवर फिरत गव्हाला पाणी देतो. तिथे त्याला पिव्हट म्हणतात. अशाच एका गोलाच्या कडेला हेमलता आणि विनय यांनी त्या शुक्रवारी तंबू ठोकला. विनयचं ऑफिस रियाधला, ओलाया भागातल्या एका इमारतीत विसाव्या मजल्यावर. सात वर्षांच्या रोशनीला एकदाची मोकळी जमीन दाखवावी, एवढाच बेत होता.

रोशनी गुणी पोर, पण मराठीशी तिचं वाकडं. हेमलता कुडाळकडची. तिने मालवणीत विचारावं आणि लेकीने इंग्रजीत उत्तर द्यावं, हे घरात रोजचंच. खरे हाल व्हायचे गावाकडे राहणाऱ्या भीमाबाईंचे, हेमलताच्या आईचे. व्हिडिओ कॉलवर आजी आणि नात एकमेकींकडे बघून नुसत्या हसत, आणि दोन मिनिटांत खलास. भीमाबाई थकत चालल्या होत्या. दोघींचं एकदा तरी पोटभर बोलणं व्हावं म्हणून हेमलताचा जीव तुटत होता.

शेतावर पाहुण्यांचं बघणारा फिटर गुरुनाथ नेमका सावंतवाडीचा निघाला. त्याने पाण्याची टाकी आणि दिव्याचं बटण दाखवलं. जाता जाता म्हणाला, तिन्हीसांजेला गव्हाकडे तोंड करून कुणाला नावाने हाक मारू नका, आम्हीसुद्धा हाकेऐवजी शिट्टी वाजवतो. तुमच्याकडची भुतं इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढून इथेही आली वाटतं, असं विनयने हेमलताला चिडवलं. गुरुनाथ हसला नाही.

सूर्य बुडताना सगळंच झोपेत असल्यासारखं झालं. तुषारांवर गुलाबी उजेड पडला होता. पिव्हटची चाकं थोडी सरकत, कुरकुरत आणि थांबत. ओल्या मातीचा वास थेट गावाकडच्या भातलावणीच्या दिवसांतला होता. विनय लाकडं आणायला गाडी घेऊन गेला होता. हेमलताचा डोळा लागला असावा, कारण तिने मान वर केली तेव्हा चाकांच्या चरातून डावीकडे चालत गेलेली रोशनी कुठेच दिसत नव्हती.

शिट्टी तिला जन्मात जमली नव्हती. तिने हाक मारली, "रोशनी..."

उत्तरं दोन आली.

डावीकडून, खूप दुरून, "कमिंग, मम्मी..."

आणि उजवीकडून, अगदी जवळून, "इलंय गो आये..."

हेमलताच्या अंगावर सुखाने काटा आला. डावीकडचा आवाज म्हणजे आपल्याच कानांचा खेळ, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ती उजवीकडे वळली आणि हात पसरून म्हणाली, "ये गो बाय, बेगीन ये."

कमरेएवढ्या गव्हातून पोर बाहेर आली. तोच पिवळा स्वेटर, त्याच दोन वेण्या. तुषारांतून येऊनही केस कोरडे होते. हेमलताने ते पाहिलं आणि मनाआड केलं.

पोर मांडीवर बसली आणि बोलत सुटली. विहिरीबद्दल, फणसाच्या गऱ्यांबद्दल, कधी न पाहिलेल्या अंगणाबद्दल. हेमलताला रडू आवरेना. तिने लगेच आईला फोन लावला. पंधरा मिनिटं आजी आणि ती पोर खिदळत होत्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं आयतं पदरात पडलं, या आनंदात तिला काही सुचत नव्हतं.

मग भीमाबाईंचा आवाज खाली आला. "हेमा... चेडू गोड आसा. कोणाचा गो ता?"

"आये, असा काय करतस? आपली रोशनी ती."

भीमाबाई कुजबुजल्या, "रोशनी तुझ्या पाठीमागे रडता आसा... कधीपासून आयकतंय मी. आधी तिका घे."

फोन कट झाला. हेमलताने कान दिला. चाकांच्या कुरकुरण्यापलीकडे, गव्हाच्या पार त्या टोकाला, दमलेला बारीक आवाज होता. "मम्मी... व्हेअर आर यू..."

तिला उठायचं होतं, पण मांडीवरचं ओझं हलत नव्हतं. तिने सगळा जीव एकवटून हाक मारली, "रोशनी..."

"ओ," मांडीवरून आली. गव्हातला आवाज थोडा लांब गेला.

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा तीच ओ, मायेची. आवाज आणखी लांब गेला.

तेवढ्यात गाडीचे दिवे आले. विनय लाकडं खाली टाकत म्हणाला, "पोरगी मांडीवर असताना हाका कुणाला मारतेस?"

हेमलताने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. नाव ओठांवर यायच्या आतच मांडीवरून ओ आली.