मुका रस्ता

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण यातलं अक्षरही माझ्या पदरचं नाही. सुजित माझा आतेभाऊ. भुताखेतांची टिंगल करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गेल्या मार्चमध्ये नागावहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्यावर ती संध्याकाळ आली. तेव्हापासून तो टिंगल करत नाही.

सुजित रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. गाड्यांच्या आवाजाने होमस्टेतल्या पाहुण्यांना झोप येत नाही, अशी ओरड झाली. म्हणून त्याने तिथल्या एका पट्ट्यावर नव्या तऱ्हेचं डांबर घातलं. बारीक छिद्रांचं. टायरचा आवाज त्या छिद्रांतच जिरतो.

रस्ता खरंच मुका झाला. सुजितची कॉलर ताठ.

पण...

तिथल्या मासळीवाल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडतात. पाटीखाली मान वळत नाही. मग गाडीचा अंदाज कानांनीच घ्यायचा. पलीकडे कुणी उभं असलं, तर त्याला विचारायचं. गाडी असेल तर तो 'थांब' म्हणून ओरडतो. तो गप्प राहिला, की रस्ता मोकळा.

त्या मार्चच्या वर्षभर आधी गोदू नावाच्या म्हातारीने असंच विचारलं होतं.

"बाला, गारी येतं का रं?"

सुजित पलीकडेच होता. आवाज मोजायचं यंत्र चालू होतं; ते टिपेल ते त्याला कानातल्या हेडफोनमध्ये ऐकू येत होतं. त्याला गाडी दिसत होती. पण ओरडला असता, तर मोजणी वाया गेली असती. तिला दिसतच असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

तो गप्प राहिला.

गोदू त्या गाडीखाली गेली. नंतर तो पोलिसांना म्हणाला, "कानाला हेडफोन होते. मला काहीच ऐकू आलं नाही." गोदूच्या सुनेला, केसरलाही त्याने हेच सांगितलं.

मार्चमध्ये तो पुन्हा मोजणीला गेला. छिद्रं बुजली नाहीत ना, हे बघायला. निकाल चांगला आला, की पार रेवदंड्यापर्यंत असाच रस्ता होणार होता.

दिवस मावळत होता. त्याने हेडफोन लावले.

आधी गाड्यांची सळसळ येत होती. मग तीही विरली. सुरूच्या झाडांतला वारा थांबला... समुद्राची गाज थांबली... समोरून टेम्पो गेला, तोही आवाज न करता.

यंत्रावरचा आकडा उतरत उतरत शून्यावर टेकला.

उघड्यावर तो शून्यावर कधीच येत नाही.

त्या शांततेत बांगड्या किणकिणल्या. सुक्या बोंबलांचा वास आला. आणि मग...

"बाला, गारी येतं का रं?"

सुजितच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने मान वर केली. पलीकडे पाटी घेतलेली एक बाई डांबरावर पाऊल टाकत होती. वळणावरून लाल गाडी येत होती.

"थांब! थांब गो!"

बाई थबकली. गाडी तिच्या पदराला घासून गेली.

ती केसर होती.

सुजित धावत तिच्याकडे गेला.

"बरं झालं विचारलंत," तो कसाबसा म्हणाला.

"मी कुठं इचारलं?" केसर त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमच्या कानाला ते लावलेलं दिसलं. तुमाला ऐकू येत न्हाय ना? मंग कशाला इचारू?"

"पण... मला ऐकू आलं."

"ते लावूनबी ऐकू येतं?"

सुजितने खाली पाहिलं. "येतं."

केसरने पाटी उतरवली आणि ती कडेलाच मटकन बसली.

"मंग त्या दिवशी आये..."

सुजितने सगळं सांगून टाकलं. तिने ना शिव्या दिल्या, ना ती रडली. पाटी उचलली आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो.

त्याने मोजणीचा निकाल दिलाच नाही. कंपनीने दुसरा माणूस पाठवला. आता तो रस्ता रेवदंड्यापर्यंत मुका आहे.

सुजित पनवेलला असतो. कुठल्याही रस्त्याच्या कडेला उभा राहिला, की भोवतालचा आवाज हळूहळू विरतो... आणि पलीकडून गोदू विचारते.

तो "थांब!" म्हणून ओरडतो. लोक वळून बघतात. रस्ता कितीही मोकळा असला, तरी गप्प राहायचं त्याचं धाडस होत नाही.

थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते.