तार खाल्लेली गाय

पोरगी घरात शिरली ती गमबूट न काढताच. नुकत्या पुसलेल्या फरशीवर शेणाचे ठसे उमटले आणि भाऊजींचा जीव कळवळला, कारण आज फरशी पुसायची पाळी त्यांची होती.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. ना ओळख, ना पाळख.

तिच्या मागून तिचे वडील आले. शिलाई अर्धवट टाकून आले असावेत, गळ्यात टेप तशीच होती. त्यांनी दारातच हात जोडले. पोरीला चार शब्द सांगा, सही करून मोकळी हो म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"समजूत घालायचं काम मी करत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी शोधायचं काम करते. बसा."

वहिनी खासगी तपासनीस होत्या आणि भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवणं, सामान उचलणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही भाऊजींची कामं. पहिल्या दोन कामांचा त्यांना पगार मिळे, तिसरं ते हौसेने करत.

पोरगी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होती. पुस्तकं संपली की या मुलांना खऱ्या जनावरांवर हात बसवावा लागतो. त्यासाठी कॉलेज त्यांना शहराबाहेरच्या एका मोठ्या गोठ्यात पाठवत असे. तिथे एका गायीने अचानक चारा सोडला होता आणि उतारावरून चालताना ती कण्हत होती. पोरीने तपासून सांगितलं, हिने चाऱ्यातून तार गिळली आहे.

तार गिळली की ती गायीच्या जाळीदार पोटात जाऊन बसते. तिथून पुढे सरकली तर थेट हृदयात घुसते. म्हणून गायीला बोटाएवढं लोहचुंबक गिळायला देतात. ते त्याच पोटात राहतं आणि तारेला धरून ठेवतं. पोरीने ते दिलं. दुसऱ्या दिवशी गाय चारा खाऊ लागली. आणि आठवड्याच्या आत गोठ्यातून निरोप आला, गाय मेली.

विभागाच्या मोठ्या सरांनी स्वतः गाय फाडून तपासली. तार हृदयात होती आणि चुंबक कुठेच नव्हतं. सरांनी भर वर्गात जाहीर केलं, ही मुलगी कामचुकार आहे आणि वर खोटारडी आहे. माफीनाम्यावर सही केली तर एक वर्ष जाईल, नाही केली तर कॉलेजातूनच जाशील. उद्या दुपारपर्यंतची मुदत होती. परवा तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती.

"वर्ष गेलं तर जाऊ दे गं," वडील काकुळतीने म्हणाले. "मोठ्या माणसांशी वैर घेऊन आपलं भागतं का?"

"बाबा, चुंबक मी दिलंय. आज न केलेल्या चुकीची माफी मागितली, तर उद्या मेलेलं प्रत्येक जनावर माझ्याच नावावर लावतील."

वहिनींनी विचारलं, ते पोटात उतरलं कशावरून? गायीने थुंकलंही असेल.

"मी होकायंत्र लावून पाहिलं. गायीच्या डाव्या कोपराच्या मागे धरलं की सुई फिरते. फिरली."

"आणि मेलेली गाय तू पाहिलीस?"

पोरीने नकारार्थी मान हलवली. कॉलेजच्या दवाखान्यातलं तिचं काम चालू होतं, पण निरोप आला त्या दिवसापासून तिला त्या गोठ्यात आणि विच्छेदनाच्या खोलीत जायलाच बंदी होती.

भाऊजींना पोरगी आवडली, पण पटली नाही. चुंबक काही कापूर नाही, उडून जायला.

मोठे सर कॉलेजातल्या नमुन्यांच्या खोलीत भेटले. त्यांनी बरणीतलं हृदय असं दाखवलं, जणू बक्षीसच मिळवलं होतं. हृदयाभोवतीचं आवरण बोटभर जाड झालेलं, आत पू साचलेला. जनावराच्या गळ्याखाली मोठी सूज होती, असंही त्यांनी सांगितलं.

"आणि ही बाई म्हणते, मी हृदय ऐकलं, ठोके स्वच्छ होते. या हृदयाचे ठोके स्वच्छ? म्हणजे चुंबकही दिलं नाही आणि स्टेथोस्कोपही लावला नाही."

आवरण इतकं जाड व्हायला किती दिवस लागतात, असं वहिनींनी विचारलं. कित्येक आठवडे, सर म्हणाले, आणि तेच तर मी म्हणतोय, हिला ते कळलंच नाही.

गाय हीच होती याला पुरावा काय, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. त्यांनी ट्रे पुढे सरकवला. त्यात कापून ठेवलेला कान होता आणि कानात नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला. बिल्ला शेणाने काळपटलेला, कडा झिजलेल्या, आकडा पुसट. भाऊजींनी नाकाला रुमाल लावून तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, मागची खीळ मात्र काय पांढरीशुभ्र आहे. वहिनींनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. भाऊजींना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

गोठ्यातल्या कामात पोरीचा जोडीदार म्हणजे वर्गातला एक लंबूटांग मुलगा. त्या दिवशी गायीचं डोकं त्यानेच धरलं होतं. गायीच्या घशात सोडायच्या नळीत चुंबक घालताना मी पाहिलं नाही, तो पाय हलवत म्हणाला, आणि सरांनाही तेच सांगितलं. वहिनींनी होकायंत्राचं विचारलं तेव्हा त्याची मान खाली गेली. सुई फिरली होती, त्याने स्वतः पाहिली होती. पण सरांनी ते विचारलं नव्हतं आणि परीक्षा सरच घेणार होते.

"खरं बोललास," वहिनी म्हणाल्या, "पण सोयीपुरतं."

गोठ्यावर योगायोगाने मालकही आलेले होते. त्यांचा खरा धंदा मालवाहतुकीचा, गोठ्याचा कारभार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. गायी सगळ्या तांबूस, एका साच्यातून काढल्यासारख्या, आणि मालक प्रत्येकीच्या कानाकडे वाकून नंबर वाचत होते. त्यांचा आवाज चढलेला होता. तार खाऊन आधीच दोन गायी गेल्या होत्या. चाऱ्याच्या गठ्ठ्यांची तार नीट उचलत नाही म्हणून मुकादमाला त्यांनी बजावलं होतं, तिसरी गेली तर तूही घरी जाशील.

"पण ही काही मुकादमाने मारली नाही. ही कॉलेजच्या हातात होती. कॉलेजने मला गायीला गाय द्यायची."

बाकीच्या कुठल्या गायीला कधी चुंबक दिलं होतं का, हे वहिनींनी विचारलं. छे, ते नाटक याच गायीवर पहिल्यांदा झालं, मालक म्हणाले.

मुकादम मात्र भला माणूस निघाला. त्याने बसायला खुर्च्या आणल्या, चहा आणला. पोरीबद्दल वाईट बोलू नका मालक, लहान आहे, चुकली, असं तो दोनदा म्हणाला. त्या गायीखेरीज आजारी जनावर आता एकही नाही, आधीही नव्हतं, असंही त्याने सांगितलं. बोलता बोलता तो एका गायीच्या कानाला जांभळं औषध लावत होता. तिने डोकं झटकलं आणि भाऊजींचा नवा शर्ट रंगला.

"माशा बसतात हो कानाला," मुकादम ओशाळून म्हणाला आणि स्वतःच्या पंच्याने शर्ट पुसू लागला.

गाडीत बसल्यावर भाऊजींनी निकाल दिला. गुन्हेगार मालक. कॉलेजकडून फुकट गाय उपटायची म्हणून त्यानेच काहीतरी केलं. पोरीला अडकवून बसलेत, मुकादमासारखा देवमाणूस तेवढा तिची बाजू घेतोय.

"बाजू कसली घेतोय? चुकली म्हणतोय," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, सगळे एकच धरून चालतायत की पोरगी खोटं बोलते. समजा तिचा शब्द न् शब्द खरा आहे. मग काय उरतं?"

भाऊजींच्या डोक्यात काहीच उरलं नाही, म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मुदत संपायच्या आधी वहिनींनी सगळ्यांना गोठ्यामागच्या मोकळ्या कुरणात बोलावलं. लोखंडी खांबांपासून लांब, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. मोठे सर माफीनामा फाइलमध्ये घालूनच आले होते. मालक घड्याळ बघत होते. लंबूटांग मागे उभा होता आणि शिंपीबाबा गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होते.

वहिनींनी होकायंत्र पोरीच्या हातात दिलं.

"एकेका गायीपाशी जा. पहिल्यांदा लावलंस तिथेच लाव."

सर हसले. मेलेल्या गायीच्या पोटात जे सापडलं नाही ते आता जिवंत गायींच्या पोटात शोधणार का, असं त्यांनी विचारलं.

पोरगी वाकली. पहिल्या गायीपाशी सुई हलली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या गायीपाशीही नाही. रांग संपत आली तशी सरांनी फाइल उघडून पेनही काढलं. पोरगी जांभळ्या कानाच्या गायीपाशी पोचली, होकायंत्र कोपरामागे नेलं, आणि सुई गर्रकन फिरली.

तिने हात मागे घेतला, पुन्हा नेला. सुई पुन्हा फिरली. लंबूटांग धावत आला, त्याने वाकून पाहिलं आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हीच ती. त्या दिवशीही अशीच फिरली होती."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," वहिनी म्हणाल्या. "पोरीची गाय मेलीच नाही. ती तुमच्यासमोर चारा खातेय."

मग त्यांनी एकेक धागा उलगडला.

"पोरगी म्हणाली, ठोके स्वच्छ होते. सर म्हणाले, हृदय कित्येक आठवड्यांपासून नासलेलं होतं. दोन्ही खरं आहे, कारण हृदयं दोन होती. ती म्हणाली, चुंबक दिलं. सर म्हणाले, पोटात नव्हतं. तेही दोन्ही खरं. सर, जी जी गोष्ट जुळेना, ती तुम्ही पोरीच्या खोटेपणाच्या खात्यावर टाकलीत. गाय वेगळी असेल, हे मनातही आलं नाही, कारण कानात नंबर होता. तुम्ही गाय तपासलीच नाही, बिल्ला तपासलात."

सरांनी उघडलेलं पेन बंद केलं.

"बिल्ला एकदा टोचला की कापल्याशिवाय निघत नाही. परत लावायचा तर मागची खीळ नवी लागते. मेलेल्या कानात बिल्ला वर्षानुवर्षांचा जुना आणि खीळ कोरी. हे भाऊजींनी दाखवलं. इतक्या शिकल्यासवरल्या लोकांत एकट्या त्यांनी."

भाऊजींची छाती फुगली. आपण काय दाखवलं ते त्यांना आत्ताच कळत होतं.

"आणि ज्या जिवंत कानातून तो ओढून कापला, त्या कानाला जखम झाली, आणि मेलीचा बिल्ला तिथे बसला. ती माशांची नाही. आता हे केलं कोणी? मालकांनी? त्यांना नंबर वाचल्याशिवाय गाय ओळखता येत नाही. अदलाबदल करणाराला प्रत्येक गाय ओळखता यायला हवी. ज्याने आजारी गायीची गळ्याखालची सूज आठवडेच्या आठवडे मालकांपासून लपवली, त्यालाच हे जमेल. ती गाय मेली तेव्हा त्याची नोकरी जाणार होती. पण नंबर बदलला तर मेली कोणाची? पोरीची. चोर सुटतो आणि संन्यासी फासावर जातो."

सगळे मुकादमाकडे वळले. तो आधी हसला, मग हसणं ओठांवरच राहिलं. घरी खाणारी तोंडं आहेत, तो पुटपुटला. पोरीला काय, एक वर्षच तर जाणार होतं.

"माझं वर्ष वाटायला तुला कोणी दिलं होतं?" पोरीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण मुकादम दोन पावलं मागे सरकला. मालक त्याला हाताला धरून गोठ्याकडे घेऊन गेले आणि पुढचं बोलणं फक्त गायींनी ऐकलं.

सरांनी माफीनाम्याची घडी घालून खिशात टाकली. सूचनाफलकावर दोन ओळी लावतो, ते म्हणाले, गैरसमज दूर झाला म्हणून. विषय संपला.

"गैरसमज नव्हता सर, आरोप होता," पोरगी म्हणाली. " भर वर्गात केलात, भर वर्गातच मागे घ्या."

वडिलांनी सवयीने तिचा दंड धरला. मग त्यांनीच तो सोडला आणि सरांकडे बघत उभे राहिले. सरांनी फाइल काखेत मारली. मग म्हणाले, घेतो. उद्या सकाळी परीक्षेआधी, सगळ्यांसमोर. आणि तिला अवघडल्यासारखं वाटायला नको म्हणून तिची परीक्षा बाहेरच्या परीक्षकांना घ्यायला सांगतो.

"नको. माझी परीक्षा तुम्हीच घ्या."

"आणि मी नापास केलं तर?"

"करून बघा, सर."

एवढं बोलून तिने बाह्या वर सारल्या आणि भाऊजींकडे कोमट पाणी मागितलं. गायीचा कान चिघळला होता, आणि इतके दिवस त्याच्याकडे नीट कोणी पाहिलंच नव्हतं.