मोघम गाऱ्हाणं

गोदा आमच्याच वाडीतली, पूर्णगडच्या वरच्या अंगाची. तिच्या पडवीत वाल सोलत बसून हे तिच्याच तोंडून ऐकलेली बाई मी, तेव्हा हे सांगोवांगी समजू नका. चौऱ्याऐंशी साल, मार्गशीर्षातली अवस, शनिवार. दिवेलागण नुकतीच झालेली.

तिचा बाबल्या तीन दिवस तापाने भाजत होता. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, अंगारा झाला. नवरा काशीराम मुंबईला. सासू म्हणाली, "केरू गुरवाला सांग. देवाला गाऱ्हाणं घालू दे." गोदाने नारळ घेतला, कंदील घेतला नि निघाली.

गुरवाच्या खळ्यात त्याची बायको हौसा भांडी घासत होती.

"म्हातारा लेकीकडं पावसला गेलाय गो. उद्या येल."

"उद्यापावत पोर टिकायला पायजे ना, काकी. मीच घालते."

हौसा हसली. "तू? आणि पाठीमागनं 'व्हय म्हाराजा' कोण म्हणणार, तुजी सासू?" मग गोदाचं तोंड बघून तिचं हसू विरलं. "घालशील तर देणं नाव घेऊन बोल. कोंबडा तर कोंबडा. मोघम बोलू नको. एकदा 'व्हय' झालं की झालं."

देवाचा दगड वर सड्यावर, वाडीमागच्या उघड्या माळावर. तिथे कातळात माणसं कोरलेली आहेत, पुरुषभर लांबीची, आडवी. कुणी कोरली, कधी, कुणाच्या आजालाही ठाऊक नव्हतं. आम्ही पांडवांची म्हणायचो. शिकलेले म्हणतात, त्याच्याही आधीची. गुरंसुद्धा त्यांच्यावर खूर ठेवीत नाहीत, वळसा घालून जातात.

गोदाने नारळ फोडला. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... आज ही तुजी लेक तुज्यासमोर उभी ऱ्हायली हाय..."

पुढचं सुचेना. कोंबडा आठवला नाही. डोळ्यांपुढे नुसतं पोराचं तोंड.

"माज्या बाबल्याला सोड. बदल्यात... माज्या घरातलं तुला काय पायजे ते ने."

वारा पडलेला. किडाही वाजेना.

मग...

"व्हय म्हाराजा."

एकाचा आवाज नव्हे. पन्नास... शंभर. मागून नव्हे. पायांखालून.

गोदा किंचाळली नाही. पळालीही नाही. कंदील उचलला. पाय आपले आपण चालत होते.

घरी बाबल्या उठून पेज मागत होता. अंग गार. सासू रडत होती, हसत होती. गोदा कंदील घेऊन घरभर फिरली. सासू आहे. पोर आहे. गोठ्यात म्हैस आहे. रात्रभर ती सासूच्या नाकाशी हात धरून बसली.

रविवारी तार आली नाही. सोमवारी नाही. मंगळवारी काशीरामचं पत्र आलं, खुशाल आहे.

"कायच नेलान नाय गो," सासू म्हणाली. "फुकटात सोडलान!"

त्याच दुपारी गोदा मागीलदारी वळणीवरचे कपडे काढत होती. बाबल्याची चड्डी. सासूचं लुगडं. आणि एक फ्रॉक. चारेक वर्षांच्या पोरीचा.

"आत्ये, हा कुणाचा वो?" तिने सासूला विचारलं.

"आपल्यात कुठं आलीय पोरगी? आला असंल उडून."

गोदाने तो नाकाशी धरला. काही वाटलं नाही. रडू यावं... पण कुणासाठी?

खालची दुमड एकदा उसवून खाली सोडलेली होती, वाढत्या अंगासाठी. नवे टाके गोदाच्याच हातचे होते.