यादीत चढलेला मालक

सावा येवग्राफोविचांची हवेली सरकारजमा झाली, चित्रांसकट लोकांसाठी संग्रहालय म्हणून उघडली गेली, आणि खुद्द मालकांना तिथेच राखणदार म्हणून एक खोली मिळाली. क्रांतीनंतरच्या त्या चौथ्या हिवाळ्यात मॉस्कोत एवढं मिळणंही नशीबच म्हणायचं. गिरणीचे मजूर चित्रं बघायला येत. म्हातारे सावा त्यांना सांगत, "माझी होती, आता तुमची. फक्त बोटं लावू नका, बाबांनो."

संग्रहालयातल्या वस्तूंची यादी करणाऱ्या वार्वाराला त्यांची दया यायची. खोल्या नि सामान वाटून देणाऱ्या घरकमिटीची माणसं म्हाताऱ्यांच्या पलंगावर डोळा ठेवून होती. संग्रहालयाच्या वस्तूला हात लावायची मात्र कुणाची छाती नव्हती. म्हणून वार्वाराने पलंगच यादीत चढवला, वर क्रमांकाची चिठ्ठी बांधली. मग शेगडी, मग चहाचं पाणी उकळायचा समोवार.

"मलाही बांधा एक," म्हातारे हसले. "रविवारी लीपा येतेय. पोरगी देशाबाहेर जायचा परवाना काढून बसलीय, मला रीगाला नेणार. तोवर टिकलो म्हणजे झालं."

सोमवारी त्यांच्या चष्म्याला चिठ्ठी होती. बुधवारी कोटाला. अक्षर वार्वाराचं, पण तिने लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी मनगटाला.

"बाई, थट्टा पुरे."

"मी नाही हो, शप्पथ."

सुतळीला गाठच नव्हती. कात्री चालेना. यादीत ताजी ओळ होती: 'वृद्ध, बसलेला. स्थिती चांगली.' वार्वाराने ती खोडली. सकाळी पाहते तर ओळ तशीच. करायला गेले काय आणि वर झाले पाय, असं स्वतःशीच म्हणत ती रडली.

शुक्रवारी ते खुर्चीतून उठले नाहीत. हात गार, ओंडक्यासारखा जड. ओठ तेवढे हलत होते.

रविवारी दुपारी लीपा आली. खुर्चीसमोर थबकली.

"किती हुबेहूब केलंय हो. बाबा कुठायत?"

"लीपा, हेच तुझे बाबा."

"असली चेष्टा करतात का? तीनची गाडी आहे आमची."

तिने त्यांच्या गालाकडे हात नेला.

"वस्तूंना हात लावू नका," दारातला शिपाई म्हणाला.

"चुकलं," म्हणत लीपाने हात मागे घेतला. सगळी दालनं धुंडाळून, बाबांच्या नावाने हाका मारत ती निघून गेली.

वार्वाराने फडक्याने म्हाताऱ्यांचा गाल पुसला. थोड्या वेळाने पुन्हा पुसावा लागला.