नानांनी विनंती केली आहे

हिंजवडीच्या एका उंच टॉवरवर वॉचमनची जागा निघाली, ती नेऱ्याच्या नाथाने पटकावली, आणि म्हणून एका थंडगार सकाळी अपेक्षा आणि शंभू विहिरीवर समोरासमोर आले.

नाथा नावाला शेतगडी होता. त्याचं खरं काम निरोप पोचवायचं. विहीर सामाईक, मोटर सामाईक आणि दोन्ही मालकांत सहा वर्षांचा अबोला. कारण तसं गंभीर होतं. शंभूचे वडील वाल्मीकअण्णा. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात माइकवरून मानकऱ्यांची नावं पुकारली, तेव्हा अपेक्षाच्या वडिलांचं, चंद्रकांतनानांचं, नाव तेविसावं आलं. तेव्हापासून दोघे विहिरीच्या दोन अंगांना आपापल्या रानात उभे राहत आणि जे काय बोलायचं ते नाथाला सांगत. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याचं ऐकूही येत नाही, असा अबोल्याचा नियमच असतो. शिवाय नानांचा एक कान अधू होता... असं नानाच सांगत.

नाथा गेल्यावर नानांनी लेकीला पिटाळलं. "त्या वाल्म्याला सांग, मोटर बंद कर, न्हाईतर वायरच तोडतो!"

पलीकडून शंभू आला. उभ्या गव्हातून चालल्यामुळे पँट गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेली.

"नानांनी विनंती केली आहे," अपेक्षा म्हणाली, "की मोटर थोडा वेळ बंद ठेवावी."

"विनंती... तुमच्या नानांनी?"

"मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना अवतरणचिन्हं काढायची, उद्गार गाळायचे आणि शोभेल ते क्रियापद घालायचं."

"अन् मूळ वाक्य?"

"त्यात एक वायर होती. गाळली."

शंभू हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी बारीक व्हायचा आणि उजवा मागाहून. अपेक्षाने ते तेवढ्यात पाहून ठेवलं. तो अण्णांकडे जाऊन परत आला.

"अण्णांनी आनंदाने संमती दिलीय."

"मूळ वाक्य?"

"ते बाईमाणसापुढं म्हणता यायचं न्हाई."

असं वर्षभर चाललं. शंभू हिंजवडीत कंपन्यांच्या गाड्यांचं नियोजन बघायचा, ते दुपारनंतर. तिचा क्लास चारला. सकाळ दोघांचीही मोकळी, आणि त्या मोटरीला पूर्वी कधी लागले नव्हते इतके निरोप लागू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते विहिरीलाही कळलं नाही.

"मला शिकव की नीट," तो एकदा म्हणाला.

"सोपं आहे. 'आज'चं 'त्या दिवशी' होतं. 'इथं'चं 'तिथं' होतं."

"म्हणजे समदं लांबच जातं की."

"हो ना..." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "म्हणून काही गोष्टी जवळ येऊन बोलाव्यात."

शंभू एक पाऊल जवळ आला आणि नेमकी वीज गेली. महावितरणला वेळेचं भान कधीच नसतं.

मग एका गुरुवारी ती विहिरीवर आली, ती निरोपाशिवाय.

"रविवारी मला बघायला येतायत. भूगावचे. बंगला आहे म्हणे."

शंभूचा एकही डोळा बारीक झाला नाही. "काल अण्णांना इचारलं मी. म्हणले, पोरगी झ्याक हाय. आडनाव येगळं, देवक येगळं, समदं जमतंय. पर पहिला शब्द चंद्रकांतनं बोलायचा."

"नाना मेले तरी बोलायचे नाहीत."

"मग?"

"मुलांना मी एकच गोष्ट बजावते," अपेक्षा ओढणी खोचत म्हणाली. "सांगणाऱ्याने पदरचं काही घालायचं नाही."

"बरं... मग?"

"आज घालते."

ती तरातरा नानांकडे गेली. "नाना, वाल्मीकअण्णांनी विनंती केली आहे की, आपली अपेक्षा त्यांच्या शंभूला द्यावी."

नाना फावड्यावर रेलले. "कवा म्हणला?"

"आत्ताच."

"आत्ता त्यो फकस्त खाकरला. त्याआधी मला येडं म्हणला. दुसरं काय म्हणला न्हाई."

अपेक्षा गार पडली. "तुम्हाला... ऐकू येतं?"

"चाळीस पावलांवर हाय त्यो! आवाज मारुंजीपतूर जातुया त्येचा. त्यो म्हणतो मुडदा बशिवला, अन् तू येऊन सांगतीस, अण्णांनी तब्येत इचारली."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

नानांनी पायाने एक ढेकूळ फोडलं. "तुझ्या तोंडनं बरं वाटायचं ऐकाया," ते म्हणाले. मग मान वर केली. "त्यो तर असलं काय म्हणला न्हाई. मग ह्ये म्हणणं कुणाचं?"

"माझं," अपेक्षा म्हणाली. नजर खाली गेली नाही, आवाजही नाही. "मला शंभूशीच लग्न करायचंय, नाना."

नाना ताठ उभे राहिले. मग फावडं टाकून विहिरीकडे तोंड केलं आणि तोंडाला हातांचा कर्णा केला.

"ए वाल्म्या! तू माझी पोरगी मागितलीस व्हय रं?"

गव्हातले बगळे उडाले. शंभूने घाईघाईने मोटर बंद केली.

"न्हाई!" अण्णा ओरडले.

मग अण्णा बांधावर चढले.

"पर आता तू पहिलं बोललास न्हवं? मग मागतो!"

"हितं येऊन माग! लांबनं ऐकू येत न्हाई मला!"

"येतं की समदं, ढोंग्या!" असं म्हणत अण्णा पायजमा वर धरून पाटाच्या चिखलातून निघालेसुद्धा.

दोघे बाप बोलू लागले ते थांबेचनात. हातवारे पाहता भांडण चाललंय की सोयरीक, ते परक्याला कळलं नसतं. शंभू हळूच अपेक्षाशेजारी येऊन उभा राहिला.

"आता ह्यांना आपली गरज न्हाई."

"नाही."

"मग उद्या सकाळी हितं यायला... कारण काय सांगायचं?"

अपेक्षाने दोन्ही बापांच्या देखत त्याचा गारठलेला हात आपल्या हातात घेतला.

"कारण कशाला सांगायचं?" ती म्हणाली. "ये फक्त."