काकूंच्या मार्फत

आमची पहिली भेट म्हणजे त्याने माझ्याकडून खाल्लेली बोलणी. आयसीयूचं दार ढकलून तो सरळ चौथ्या बेडकडे निघाला, आणि मी मांजरासारखी आडवी गेले.

"हात धुतले?"

"घरून धुऊनच निघालोय."

"घरचं घरी. इथे परत धुवा."

मुकाट्याने धुऊन आला. चौथ्या बेडवर त्याची आई होती. न्यूमोनिया, घशात नळी, व्हेंटिलेटर, झोपेची औषधं. हा आपला हाताची घडी घालून उभा.

"बोला की त्यांच्याशी," मी म्हटलं. "झोपेतही कानावर पडत असतं. आम्ही कूससुद्धा सांगून बदलतो."

"काय बोलू?"

"काहीही. घरी बोलता ते."

त्याने जरा विचार केला, मग आईच्या कानाशी वाकला. "आई... इथली सिस्टर फार खडूस आहे गं."

झालं. माझं तोंड गप्प बसेल तर शपथ. उशी सारखी करत मी म्हटलं, "काकू, लेकाला वेळीच वळण लावायला हवं होतं."

तिथून सुरू झालं. तो लोकांना गाडी शिकवायचा. भेटीच्या वेळेला यायचा, शिकाऊ लोकांच्या गमती आईला सांगायचा आणि मध्येच, "आई, सिस्टर आज जेवलेल्या दिसत नाहीत, चिडचिड चाललीय."

"काकू, त्यांना सांगा, माझ्या जेवणाची काळजी करायला माझी आई आहे."

एकमेकांशी थेट आम्ही फक्त औषधांचं बोलायचो. पण आमच्या इनचार्जबाईंच्या नजरेतून काय सुटतंय? "पेशंट आपल्या हातात आहे तोवर नातेवाईक म्हणजे नातेवाईक," त्यांनी बजावलं. बरोबरच होतं. घाबरलेल्या माणसाला धीर देणारा आवडतोच, त्यावर विसंबू नका, हे नव्या मुलींना मीच सांगायचे. आणि तरी त्याची वेळ झाली की माझं लक्ष दाराकडे. आवडायला लागला होता मेला.

मग मशीन काढून बघायचं ठरलं. "आधी आधार कमी करायचा," मी त्याला समजावलं, "आणि काकू स्वतः श्वास घेतात का बघायचं."

"म्हणजे ब्रेकवर पाय ठेवायचा, पण दाबायचा नाही."

"अगदी तस्संच."

पहिल्यांदा जमलं नाही. काकू घामाघूम झाल्या, धाप लागली, परत मशीनचा आधार वाढवावा लागला. त्या दिवशी तो नुसता आईचा हात धरून बसला. खोटा धीर माझ्याच्याने देववेना. "उद्या परत बघू," एवढंच म्हटलं. घरी गेल्यावर मात्र मला रडू आलं.

दुसऱ्या वेळेला काकूंनी निभावलं. नळी निघाली, घसा बसलेला, पण नजर तरतरीत. आठवत मात्र काडीचंही नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी मुलाला विचारलं, "ही कोण रे?"

"सिस्टर," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मध्यस्थ जागा झाला आणि आमची बोलतीच बंद.

काकूंना वॉर्डात हलवलं. त्यांना घरी सोडणार त्या दिवशी मी ड्यूटी संपवली, साधे कपडे घातले आणि वॉर्डात गेले. तेव्हा गेले नसते, तर तो निघून गेला असता आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांना हात धुवायला लावत बसले असते.

तो सामान भरत होता. काकू पलंगावर.

"निघालात?"

"हो... म्हणजे... तुमचे आभार—"

"आभार नकोत. काकू आता माझ्या पेशंट नाहीत, म्हणून सांगते. तुम्ही मला आवडता. तुमच्याही मनात काही असेल, पण ते नुसतं मी धीर दिला म्हणून असेल, तर घरी गेल्यावर ओसरेल. ओसरलं तर कळवू नका. नाही ओसरलं, तर या."

त्याने सवयीने आईकडे तोंड वळवलं. "आई, यांना सांग—"

"मलाच सांगा."

तो वळला. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, "नाही ओसरणार. मलाही... आवडता तुम्ही. फार."

काकूंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"अरे, मग खुर्ची दे की तिला. उभीच आहे कधीची."